झाडी कुठं आहे, डॉक्टर?

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांची शीव म्हणजे भीमा नदी. दोन्ही काठांना ऊस आहे, कांदा आहे, एकीकडे रांजणगावची आणि दुसरीकडे कुरकुंभची औद्योगिक वसाहत आहे. नाही ते घनदाट जंगल. सह्याद्रीवर रिता होऊन उरलेला पाऊस इथवर येतो, वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास. एवढ्या पाण्यावर निसर्गाने इथे गवताळ माळ घडवला, त्यावर तुरळक हिवर, बाभळी आणि बोरी. अशा मुलखात कुणी ‘वनस्नाना’ची भाषा केली, म्हणजे तब्येतीसाठी वाटाड्यासोबत रानात दोन-तीन तास सावकाश फिरायचा बेत मांडला, तर समोरचा पहिला प्रश्न काय विचारणार हे उघड आहे.

“झाडी कुठं आहे, डॉक्टर?”

विचारणारे दौंड तालुक्यातले निवृत्त वनपाल. ज्यांना विचारले त्या शिरूरमध्ये दवाखाना चालवतात. या लेखात त्यांना नाना आणि डॉक्टर एवढेच म्हणू, कारण इथे महत्त्व माणसांपेक्षा त्यांच्या भूमिकांना आहे. दिवस हुरड्याचे आहेत, जागा मोराच्या चिंचोलीची. शिरूर तालुक्यातले हे गाव मोरांसाठी आणि जुन्या चिंचांसाठी ओळखले जाते. इथल्या शेतकऱ्यांनी कृषी पर्यटन रुजवले. राज्य सरकारचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले, पण पुण्याची माणसे त्याच्या कितीतरी आधीपासून इथे भाकरी-पिठले खायला आणि मोर पाहायला येत होती.

“मी जंगल शोधत नाहीये, नाना,” डॉक्टर म्हणाल्या. “माझ्या ओपीडीतल्या माणसाला दोन तास कुठं नेता येईल ते शोधतेय. रात्रपाळी करून आलेला पोरगा दुपारी पत्र्याच्या खोलीत झोपायला बघतो. झोप लागत नाही, मग मोबाइल. तिशीतच रक्तदाब वाढलेला. मी गोळी लिहून देते, मीठ कमी कर म्हणते, रोज चाल म्हणते. तो विचारतो, मॅडम, चालू कुठं? नगर हायवेच्या कडेनं?”

“मग चालायची जागा करून द्या की. त्याला जपानी नाव कशाला?”

नाव जपानी आहे खरे, आणि त्यामागची हकिकतही जपानच्या सरकारी दफ्तरातली आहे. १९८२ साली जपानच्या वनखात्याचे प्रमुख तोमोहिदे अकियामा यांनी ‘शिनरिन-योकू’, म्हणजे वनस्नान, ही कल्पना मांडली. पहिला उपक्रम नागानो प्रांतातल्या अकासावाच्या जंगलात झाला. तिथे हिनोकी जातीचे तीनशे वर्षांचे वृक्ष उभे आहेत. शहरी माणसाला स्वास्थ्य मिळावे हा हेतू होताच. पण उभ्या जंगलाला लाकडापलीकडची किंमत मिळावी, हेही खात्याला हवे होते. ही दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. शिरूर-दौंडसाठी मात्र तीच जास्त कामाची आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

वाटाड्यासोबतच्या फेरीत घडते तरी काय? अंतर फार तर दीड-दोन किलोमीटर, वेळ दोन-तीन तास. फोन बंद. वाटाडा पक्ष्यांची यादी पाठ करून घेत नाही, वनस्पतींची नावे घोकायला लावत नाही. तो थांबवतो. दहा मिनिटे फक्त ऐका, म्हणतो. मग खोडाला हात लावायला, पाने चुरगळून वास घ्यायला, एका जागी बसून काय काय हलते ते पाहायला सांगतो. शेवटी सगळे बसून चहा घेतात आणि बोलावेसे वाटले तर बोलतात. अमेरिकेत अशा वाटाड्यांना शिकवणारी संस्था २०१२ पासून आहे, आणि जपानमध्ये वनखात्याच्या पुढाकाराने तपासून मान्यता दिलेल्या अशा साठाहून अधिक जागा आहेत. आपल्याकडे उत्तराखंडच्या वनखात्याने २०२१ मध्ये राणीखेतजवळ कालिका इथे चिरपाइनच्या जंगलात तेरा-एक एकरांवर असे केंद्र सुरू केले.

“आकडे आहेत का काही?” नानांनी विचारले. खात्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाचा हा स्वाभाविक प्रश्न.

डॉक्टरांकडे आकडे होते. जपानमधल्या २४ जंगलांत चिबा विद्यापीठाच्या संशोधकांनी २८० तरुणांवर प्रयोग केले, ते २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. निम्मे जंगलात, निम्मे शहरात. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. जंगलात बसून आसपास पाहिल्यावर लाळेतले कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचे संप्रेरक, शहराच्या तुलनेत १३.४ टक्के कमी भरले. नाडीचे ठोके ६ टक्क्यांनी उतरले. रक्तदाब १.७ टक्क्यांनी.

“थांबा. म्हणजे एकशेवीसचा झाला एकशेअठरा?”

“साधारण तेवढाच.”

“एवढ्यासाठी माणूस जपानला कशाला जाईल!”

“तेवढ्यासाठी मीही कुणाची गोळी बंद करणार नाही,” डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. “पण ताण उतरतो हे वेगवेगळ्या ठिकाणी दिसलंय. टोकियोच्या निप्पॉन मेडिकल स्कूलमधल्या चिंग ली यांनी तर तीन दिवस जंगलात राहून आलेल्या माणसांच्या रक्तातल्या मारक पेशी तपासल्या. विषाणूंनी ग्रासलेल्या पेशींवर आणि गाठीच्या पेशींवर तुटून पडतात त्या. त्यांची ताकद वाढलेली होती, आणि वाढ आठवडा उलटला तरी टिकून होती. झाडं हवेत जी सुगंधी द्रव्यं सोडतात, ती त्याला कारण असावीत असं त्यांचं म्हणणं.”

“किती माणसं होती?”

“पहिल्या प्रयोगात बारा.”

नाना काही बोलले नाहीत, आणि डॉक्टरांनीही तो आकडा सावरायचा प्रयत्न केला नाही. नानांचा संशय रास्त आहे. कॉर्टिसॉलवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा इटलीतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये घेतला, तेव्हा त्यांना परिणाम दिसला. पण जंगलात जाऊन बरे वाटणार या अपेक्षेचाही त्यात वाटा असू शकतो, हे त्यांनी स्पष्टच लिहिले. शिवाय कुणाला जंगलात पाठवले आहे हे त्या माणसापासून लपवता येत नाही. गोळीच्या चाचणीत खोटी गोळी देता येते. खोटे जंगल कुठून आणणार? त्यामुळे वनस्नानाने अमुक रोग बरा होतो असे फलकावर लिहिणाऱ्यापासून वाचकाने लांब राहावे. मन हलके होते, ताण उतरतो, चालणे होते, एवढे म्हणायला मात्र भरपूर आधार आहे.

नानांचा पुढचा मुद्दा आकड्यांचा नव्हता.

“माझी आई रोज सरपणाला जायची. तीन-तीन तास रानात. पानांचा वास, पाखरांचा आवाज, सगळं होतं तिथं. तिचा रक्तदाब कुणी मोजला नाही आणि तिला कुणी वाटाड्याही दिला नाही. पन्नाशीत कंबर गेली तिची.”

डॉक्टर बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “डोक्यावर मोळी होती, नाना. चूल पेटायची घाई होती. मी त्या रानाचा दोष मानत नाही, ओझ्याचा मानते. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना ओझ्याशिवायचं चालणं आयुष्यात मिळालेलंच नाही. शेतात जायचं तर खुरप्यासाठी, नदीवर जायचं तर धुण्यासाठी. काही काम नसताना दोन तास बाहेर राहायचं, हे त्यांना कुणीतरी अधिकृतपणे सांगावं लागतं. डॉक्टरनं लिहून दिलं म्हटल्यावर घरचेही अडवत नाहीत.”

वाटाड्याची खरी गरज कुणाला, याचे उत्तर या बोलण्यात आहे. पुण्याहून गाडीने येणाऱ्या पर्यटकाला तो नसला तरी चालेल. गावातल्या बाईला मात्र सोबत लागते, वेळ राखून द्यावी लागते आणि जाण्याला निमित्तही लागते.

“सोबतीवरनं आठवलं,” नाना म्हणाले, आणि जो विषय दोघेही टाळत होते तो निघाला. “पिंपरखेड.”

शिरूर तालुका वनखात्याच्या जुन्नर विभागात मोडतो. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या पट्ट्यात कुकडी, घोड, चासकमान यांचे पाणी आले, पाण्यामागून ऊस आला आणि उसात बिबट्या स्थिरावला. मादी उसातच विते; तोडणीच्या वेळी फडात पिल्ले सापडतात. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून मोजणी केली, तेव्हा जंगल नसलेल्या शेतीच्या भागात शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच प्रौढ बिबटे निघाले. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूरच्या पिंपरखेड-जांबुत भागात तीन आठवड्यांत तीन माणसे बिबट्याच्या हल्ल्यात गेली. त्यांतली दोन लहान मुले होती. लोकांनी मंचरला पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. अखेर नेमबाजांनी तो बिबट्या टिपला. भीमा ओलांडून दौंडच्या नदीकाठच्या गावांतही बिबट्या आता नवा राहिलेला नाही.

“पोरं शाळेत घोळक्यानं जातात. बायका खुरपायला वाकताना मानेभोवती काहीतरी गुंडाळतात. आणि तुम्ही म्हणता, डोळे मिटून दहा मिनिटं आवाज ऐका.”

याला उत्तर देताना डॉक्टरांच्या आवाजात पहिल्यांदा संकोच होता. “तिकडं नाही म्हणत मी. उसाच्या बाजूला तर नाहीच. भीती असली की सगळा खटाटोप फुकट. शरीर सावध असेल तर ताण उतरेल कसा?” मग त्यांनी सांगितलेला अभ्यास नानांना पटला, आणि तिथून बोलण्याची दिशाच बदलली. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले की निसर्गात चालणे दर वेळी आराम देत नाही. जिथे लांबवर दिसते, लपायला फारशा जागा नसतात, तिथे मन ताजे होते. जिथे गर्द झाडीने नजर अडते, तिथे होत नाही, उलट ताण वाढू शकतो. जे ॲपलटन या इंग्रज भूगोलज्ञाने १९७५ मध्येच अशा अर्थाची मांडणी केली होती. माणसाला चौफेर नजर टाकता येईल आणि पाठीला आडोसा असेल अशी जागा आवडते, असे त्याचे म्हणणे.

“म्हणजे माळ,” नाना म्हणाले.

“म्हणजे माळ.”

“मग आधीच सांगायचं ना! मला वाटलं तुम्हाला इथं जपान उभा करायचाय.”

आणि नाना बोलू लागले. नोकरीची बरीच वर्षे त्यांनी माळावर काढली होती. यवतच्या दक्षिणेला, पुरंदरच्या शिवेवर, भुलेश्वराचा डोंगर आहे. त्याच्या पायथ्याचा माळ त्यांच्या डोळ्यांसमोर होता. थंडीत तिथे मध्य आशियातून भोवत्या येतात, गवतावरून हातभर उंचीने तरंगत जाणारे शिकारी पक्षी. सकाळी पखुर्ड्यांचे थवे पाण्यावर उतरतात. आधी त्यांचा आवाज येतो, पक्षी नंतर दिसतात. चंडोल गात गात सरळ वर चढतो आणि पंख मिटून खाली येतो. धाविक चार पावले पळतो, थबकतो, पुन्हा पळतो. नशीब असेल तर खोकड दिसते. चिंकारा पाहायचा तर पलीकडे बारामती तालुक्यात, सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली घोषित झालेले हे अभयारण्य पाच चौरस किलोमीटरच्या जरासे वर आहे. लांडगा इथल्या माळावर आजही आहे, पण तो माणसाला दिसण्याआधी माणूस त्याला दिसलेला असतो.

“वासाचं म्हणाल तर रोशा गवत चुरगळून बघा. हातावर दुपारपर्यंत राहतो वास. आणि मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर माळावर उभं राहून बघा एकदा.”

डॉक्टरांनी इथे दुजोरा दिला तो शास्त्राचा. पहिल्या पावसाचा तो गंध मातीतल्या सूक्ष्म जीवाणूंनी तयार केलेल्या द्रव्याचा असतो, आणि माणसाचे नाक ते अत्यल्प प्रमाणातही ओळखते. मात्र हिनोकीच्या तेलाबद्दल जे संशोधन झाले, ते रोशा गवताला जसेच्या तसे लावता येणार नाही, हेही त्या म्हणाल्या. त्यांना जास्त भरवसा वाटत होता तो इंग्लंडमधल्या वीसेक हजार लोकांच्या पाहणीवर. २०१९ च्या त्या पाहणीत आठवड्याला एकूण दोन तास निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मनःस्थिती चांगली असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. निसर्ग म्हणजे तिथे जंगलच नव्हे; बागा, नदीकाठ, समुद्रकिनारे, सगळे धरले होते. दोन तास एकदम की तुकड्यांनी, यानेही फरक पडला नाही. अर्थात निरोगी माणूसच जास्त बाहेर पडतो, असेही असू शकेल. “पण दोन तास म्हणजे आठवड्याच्या सुट्टीतली एक सकाळ,” त्या म्हणाल्या. “पाळीतल्या कामगाराला जमण्यासारखं आहे.”

आता हरकती नानांच्याच होत्या, पण त्या कामाच्या होत्या. सरकारी नकाशात असा झुडपी माळ पडीक जमिनीत मोजला जातो. पडीक म्हटले की त्यावर काहीही करायची मुभा मिळते: वसाहत, सौरऊर्जेचे पटल, नाहीतर रोपवन. महाराष्ट्रात २०१६ पासून वृक्षलागवडीच्या मोठ्या मोहिमा झाल्या; २०१९ मध्ये उद्दिष्ट तेहेतीस कोटी रोपांचे होते. गवताळ प्रदेशाचे अभ्यासक सांगत आले आहेत की माळावर चर खणून गिरिपुष्प, सुबाभूळ लावले की गवत जाते. गवताबरोबर धाविक जातो, चिंकारा जातो.

“मीही लावलीत,” नाना म्हणाले. “वरून उद्दिष्ट यायचं. उद्या तुमच्या वनस्नानाला लोक आले आणि म्हणाले, इथं सावली नाही, झाडं लावा, की खातं पुन्हा लावील.”

“म्हणून तर वाटाडा हवा. माळ म्हणजे काय हे आधी त्यानं सांगायचं.”

“वाटाडा कोण? पुण्यात आठ दिवसांचा कोर्स करून आलेला?”

डॉक्टरांच्या मनात खरोखर तसेच काहीसे होते. नानांनी धनगराचे नाव सुचवले. मेंढरे घेऊन माळ तुडवणाऱ्या माणसाला कुठल्या ओघळीला पाणी टिकते, कुठे लांडग्याचा राबता आहे, कुठल्या दगडाखाली फुरसे असते, हे ठाऊक असते. डॉक्टरांची शंका अशी, की त्याला रानाची माहिती असली तरी थकलेल्या, घाबरलेल्या, कधी रडूच फुटणाऱ्या माणसासोबत कसे राहायचे हे वेगळे कसब आहे. दोघांचेही बरोबर आहे. जोडीने वाटाडे नेमणे हा मार्ग त्यातून निघतो: एक माळ जाणणारा, एक माणूस जाणणारी. मोबदला दोघांना सारखा असावा, असे नानांनी ठासून सांगितले.

याला जवळचा दाखला आहे. पुणे वन विभागाने २०२४ मध्ये इंदापूरच्या कडबनवाडीला आणि बारामतीच्या शिर्सुफळला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. ऑनलाइन नोंदणी, ठरलेला मार्ग, सोबत स्थानिक वाटाड्या. माळ पाहायला लोक पैसे देऊन येतात, हे त्यातून सिद्ध झाले. सफारी गाडीतून होते आणि नजर लांडगा-चिंकाऱ्याच्या शोधात असते. इथे बोलणे चालले आहे ते पायी फिरण्याचे, काहीच शोधत न जाण्याचे. पण परवानगी, शुल्क, माणसांची मर्यादा यांची घडी तिथे बसली आहे, ती उचलता येण्याजोगी आहे.

“आणि चराई?” नानांनी विचारले. “फेऱ्या सुरू झाल्या की पहिली तक्रार येईल, मेंढरांनी शांतता मोडली. मग चराईबंदीची पाटी लागेल. धनगराला बाहेर काढून धनगराचाच माळ दाखवणार असाल तर मी येणार नाही.”

“मेंढरं राहतील. घंटा ऐकू आल्या तर तेही ऐकायचं.”

“लिहून द्या.”

डॉक्टरांनी खरोखरच लिहायला घेतले. आठच्या आधी निघायचे नाही आणि साडेदहाच्या पुढे थांबायचे नाही; बिबट्याची वेळ आणि उन्हाचा चढ दोन्ही टळतात. लगत उसाचा फड नको. बंद बूट, पाणी, हातात काठी. एप्रिल-मे पूर्ण बंद. सर्पदंश झालाच तर यवतचे ग्रामीण रुग्णालय गाठायचे, त्यासाठी एक गाडी पायथ्याशी उभी ठेवायची. एका वेळी बाराच माणसे. पहिली तुकडी आशाताईंची, कारण गावभरच्या तब्येती त्या बघतात आणि त्यांच्या तब्येतीकडे कुणी बघत नाही. त्यांच्याकडून शुल्क घ्यायचे नाही.

फलकावर ‘उपचार’ हा शब्द नको, ही नानांची अट. डॉक्टरांनी ती मानली, पण आधी आणि नंतर रक्तदाब मोजून त्याची नोंद ठेवण्याचा आग्रह सोडला नाही.

“ठेवा. पण पत्रकात छापू नका.”

“सहा महिन्यांनी छापीन. उतरला नसेल तर तेही छापीन.”

नानांना हे आवडले. आपणही माळाची नोंद ठेवू, म्हणाले: किती पखुर्ड्या, किती धाविक, गवत कुठवर. माणसांच्या पायांनी माळ बिघडतोय असे दिसले तर फेऱ्या थांबवायच्या, हे कलम त्यांनी स्वतःच्या हाताने घातले.

एका गोष्टीवर मात्र एकमत झाले नाही. डॉक्टरांना ऑगस्ट हवा आहे. तेव्हा माळ हिरवा असतो, हवा गार असते, आणि वर्षभर धूळच पाहणाऱ्या माणसाला तो दिवस मिळावा अशी त्यांची इच्छा. नानांच्या मते पावसाळा म्हणजे भुईवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा हंगाम. चंडोलाची, लाव्याची अंडी गवतातच असतात, बारा माणसांच्या पायांखाली ती सहज जातील. मळलेल्या वाटेवरूनच चालू, असे डॉक्टर म्हणतात. वाट सोडून बसल्याशिवाय तुमचे वनस्नान होते का, असे नाना विचारतात. ऑक्टोबरपासून सुरुवात करायला दोघेही तयार आहेत. ऑगस्टचे अजून ठरलेले नाही.